तोरणातला लाख्या

फुलसावंगीच्या अलीकडे दोन नाले ओलांडले की जे गाव लागतं, त्या गावात एका श्रावणात पिकअप गाडीचा बैल झाला. कोणाला खोटं वाटत असेल त्यानं जाऊन गावातल्या कोंबड्यांना विचारावं. या प्रकरणात पहिला फटका त्यांनाच बसला होता, त्यामुळे त्यांना सगळं नीट आठवतं.

गाडी बापूजींच्या घरची. रंग लाखेसारखा लाल म्हणून नाव लाख्या. बापूजी सांगायचे, एका हंगामात उमरखेडला जिनिंगवर नेताना हौद्यात कापूस इतका दाबून भरला, की पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर आली. बापूजींनी गाडी तशीच आभाळाकडे बघत उमरखेडपर्यंत नेली. वाटेत एक घार आडवी गेली, बाकी रस्ता मोकळा. ही गोष्ट निघाली की ऐकणारे हसायचे, पण बापूजींची सून विमलताई हसायची नाही. त्या दिवशी शेजारच्या सीटवर तीच होती, आणि तिलाही आभाळच दिसलं होतं.

विमलताईला गाडी शिकवली ती बापूजींनीच. तिचा नवरा देवराव एसटीत कंडक्टर. त्याचा जन्म ड्रायव्हरच्या पाठीमागे गेला, पण स्टिअरिंगला हात लाव म्हटलं की तळव्यांना घाम फुटायचा. मग बापूजींनी कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या रिकाम्या वावरात नव्या नवरीला बसवलं आणि म्हणाले, "पाय इकडं दाबला का पयते, तिकडं दाबला का थांबते. बाकी सारं अंगानं समजते." तिला ते एका दिवसात समजलं. पदर खोचून ती फाट्यावरून निघाली, की एसटीसुद्धा बाजूला व्हायची. त्यातला कंडक्टर घंटी मारून गाडी थांबवायचा, हे वेगळं.

मग एका उन्हाळ्यात इंजिन बसलं. टेम्पोवाले दारात येऊन कापूस उचलू लागले, आणि लाख्या गोठ्याच्या छपरीत जाऊन पडला. सायलेन्सरात गांधीलमाश्यांनी घर केलं, हौद्यात तुरीचं झाड उगवलं आणि सीटवर कोंबड्या बसू लागल्या. त्याच छपरीतली बैलजोडी म्हातारी झाली होती. एक गेला, दुसऱ्यानं त्याच्या मागे वैरण सोडली. नवी जोडी घेतली नाही. नांगरटी भाड्याच्या ट्रॅक्टरनं व्हायची, बैल बांधून त्यांना नुसतं बघत बसायचं का, असं देवराव म्हणाला, आणि त्यात चूक काही नव्हतं.

चूक उघडी पडली ती पोळ्याला.

पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजून आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, येतात आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभे राहतात. कोणत्या घरचे बैल कुठे, हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. बापूजींच्या घरची जागा मारुतीच्या अंगाची, पहिली. ती दोन पोळे रिकामी गेली. आणि गावचा कायदा असा, की जागा लागोपाठ तिसऱ्या पोळ्याला रिकामी राहिली तर ती तोरणातल्या शेजारच्याची होते. शेजारचा म्हणजे गुणवंतराव. त्याच्याकडे गवळाऊ जातीची पांढरीशुभ्र जोडी होती. त्या बैलांच्या अंगाचा इतका उजेड पडायचा, की गुणवंतराव गोठ्यात बल्ब लावायचा नाही.

श्रावण लागला तशी मारुतीच्या पारावर पोळ्याची बैठक बसली. बापूजी काठी टेकत गेले, त्यांना धरून विमलताई गेली.

"बापूजी, यंदा तरी जोडी आणता का?" गुणवंतराव मिशीतून हसत म्हणाला. "नाईतर आमचे बैल जरा सरकून उभे राह्यतीन. लई दाटी होते त्यायले."

बापूजी काठीनं पाराची फरशी टोकरत राहिले. हे विमलताईनं पाहिलं. ज्या माणसानं आभाळाकडे बघत गाडी चालवली, तो आज जमिनीकडे बघत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "तोरणात उभं राहाचा मान कोणाचा असते?"

"बैलाचा. दुसरा कोणाचा?"

"अन् बैलाले मान काहून देतो आपण? शिंगं हायत म्हणून? शिंगं तर बकऱ्यालेई हायत."

"घरचं ओझं वाह्यते म्हणून देतो, वहिनी."

"मंग आमच्या घरचं ओझं लाख्यानं वाह्यलं. तो येईन यंदा तोरणात."

पार असा हसला, की मारुतीच्या देवळावरचे पारवे उडाले ते म्हणे केळापूरला जाऊन बसले. गुणवंतराव तर मांडी थोपटत होता.

"येऊ द्या, येऊ द्या," तो डोळे पुसत म्हणाला. "पण आपल्या पायानं आला पाह्यजे बरं का. ढकलत आणाचा नाई, ओढत आणाचा नाई. अन् तोरण तुटेपर्यंत जितं उभं राहाचं, चक्कर येऊन पडाचं नाई. आला तर मी त्याले बैल म्हणीन. साऱ्या गावादेखत म्हणीन."

"म्हणा मंग," विमलताई म्हणाली. "आतापासून सवय करा."

घरी येईपर्यंत ती झपाझप पुढे होती. बापूजी काठी विसरून चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघदीप आला. फाट्यावर त्याचं गॅरेज होतं, आणि कोणतंही काम दाखवा, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. बॉनेट उघडलं, आतून एक सरडा बाहेर आला, त्याच्या मागे दुसरा. संघदीप म्हणाला, "झालंच समजा, काकू."

झालं मात्र काहीच नव्हतं. इंजिन खोललं तेव्हा पिस्टन सिलिंडरला असे चिकटलेले, जसे दोन भाऊ वाटणीआधी. रेडिएटरला झाळ मारावी तर जाळीपेक्षा भोकंच जास्त. डिझेलच्या टाकीतून जो चिखल निघाला, त्यात विमलताईनं सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, बी टाकलं आणि उगवलंही. पण रोज सकाळी चहा टाकायच्या आधी ती छपरीत जायची, आणि रोज गाडीचा एक तरी अवयव जागा झालेला असायचा. आज ब्रेक धरला. आज क्लच सुटला. उमरखेडच्या लेथवरून सिलिंडर घोटून आले त्या दिवशी तिनं ते मांडीवर घेऊन, नव्या बाळाला बघावं तसे, उजेडात फिरवून बघितले.

फक्त एक कोंबडी हटेना. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली ती अंड्यांवर बसली होती. तिला उचललं की ती संघदीपच्या मनगटाला टोचायची. शेवटी तिच्याभोवतीनं सीट शिवली.

"राहू दे तिले," बापूजी म्हणाले. "जुनी मालकीण हाये."

बापूजी आता दिवसभर छपरीत बाज टाकून बसायचे. बोलणं परत आलं होतं. लाख्यानं एकदा नाल्याच्या पुरात पोहून दाखवलं, एकदा अस्वलाच्या मागे लागून त्याला झाडावर चढवलं, अशा गोष्टी एकामागून एक सुटत होत्या, आणि संघदीप पाना हातात धरून तोंड उघडं टाकून ऐकायचा. त्यानं काम लांबायचं, मग विमलताई ओरडायची, मग पुन्हा काम चालू.

नव्या लाल रंगाचा हात दिला, हौद्याच्या मागच्या फालक्याला सागाच्या फळ्या ठोकल्या, पाठीमागे बापूजींनी थरथरत्या हातानं 'लाख्या' असं लिहिलं. मग एका दुपारी संघदीप म्हणाला, "मारा चावी."

विमलताईनं मारली. इंजिन खोकललं. पुन्हा मारली. इंजिनानं घसा साफ केला, पोटातून एक ढेकर दिला आणि सायलेन्सरातून गांधीलमाश्यांचं अख्खं घर तोफेच्या गोळ्यासारखं सुटलं, ते आठ घरं ओलांडून गुणवंतरावाच्या अंगणात पडलं. तिथून आरडाओरडा आला, पण इकडे कोणाला ऐकू गेला नाही. लाख्या बोलत होता. धडधड, धडधड. छपरीचे पत्रे नाचत होते, कोंबडी सीटखालून सुरात ओरडत होती, बापूजींनी टोपी काढून हवेत फेकली, आणि विमलताईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पाय इकडं दाबला का पयते. तिनं हळूच दाबला. लाख्या छपरीबाहेर आला आणि उन्हात थांबला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्याला हळद-तूप लावतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. लाख्या बैल म्हटल्यावर त्याचीही खांदशेकणी हवीच. विमलताईनं तूप कढवलं, त्यात हळद कालवली. आता प्रश्न आला की लाख्याचा खांदा कोणता.

"संघदीप, याचं सारं ओझं कोण ओढते रे?" बापूजींनी विचारलं.

संघदीप हात धुऊन घरी निघाला होता. सायकलवर टांग टाकता टाकता त्यानं बॉनेटमध्ये बोट दाखवलं. "हा पट्टा, बापूजी. पाणी हाच फिरवते, पंखा हाच फिरवते, करंट हाच बनवते. हा नसला का सारं बंद." आणि तो गेला.

विमलताईनं पट्ट्याकडे पाहिलं. काळा, कोरडा, ताणलेला. खरंच, जू ठेवलेल्या खांद्यासारखाच. तिला दया आली. एक क्षण मनात आलंही की रबराला तूप चालतं का, पण समोर पळसाची पानं होती, दिवा होता, आणि आयुष्यभर बैलांच्या खांद्यावरून फिरलेला हात होता. हात थांबला नाही. तिनं पट्ट्याला, पट्टा फिरतो त्या चाकांना, सगळीकडे जीव लावून हळद-तूप चोळलं. बापूजींनी वरून पळसपानानं शेकलं.

तेवढ्यात गुणवंतराव फाटकातून डोकावला. गांधीलमाशी चावून त्याची एक भिवई अजून सुजलेली होती. आत काय चाललंय ते बघून त्याला हसू आवरेना. तो आत आला, बॉनेटला हात जोडून वाकला आणि म्हणाला, "लाख्या भाऊ, उद्या आमच्या दारी जेवाले या बरं. आवतन हाये. उपाशी जाऊ देणार नाई."

"येईन तो," विमलताई म्हणाली.

पोळ्याच्या दुपारी लाख्या सजला. बॉनेटवर झूल, आरशांना बाशिंगं, बंपरला घुंगरमाळ आणि दिव्यांना बेगड. बापूजी नवा फेटा बांधून कोंबडीच्या वर बसले. देवरावानं रजा टाकली होती. तो हौद्यात उभा राहिला, आणि सवयीनं त्यानं फालक्यावर दोनदा हात मारला. विमलताईनं चावी फिरवली.

लाख्या चालू झाला आणि किंचाळला. असा किंचाळला की महागावपर्यंतच्या म्हशींनी दूध चोरलं. चाकं मात्र फिरत होती. ती निघाली. गल्लीतून माणसं बाहेर आली, पोरीबाळी खिडक्यांत. किंचाळणं वाढत होतं, बॉनेटमधून पुरणपोळी करपल्याचा वास येत होता आणि पाण्याचा काटा चढत होता. अजून देवळाचं वळण. अजून तो चढ. फटकन काही तुटलं, किंचाळणं थांबलं आणि झुलेखालून वाफेचा लोट उठला. विमलताईनं घाईनं चावी बंद केली.

संघदीप मागून पळत आला. बॉनेट उघडून त्यानं बोट फिरवलं, वास घेतला, चाखून पाहिलं.

"तूप?"

"सारं ओझं पट्टाच ओढते म्हणला होता तूच," विमलताई म्हणाली.

"पट्टा घसरून घसरून जळला, काकू. आता तसाच चालवला तर चढावरच इंजिन जाम. अन् आज दुकान कोणतं उघडं? उद्या उमरखेडहून आणतो."

उद्या. विमलताईनं बापूजींकडे पाहिलं. ते समोर काचेतून आखराकडे बघत होते. फेट्याचा तुरा हलत होता. ढोल वाजायला लागले होते आणि एकेक जोडी तोरणाकडे सरकत होती. पोरं ढकलायला पुढे आली, तिनं त्यांना हातानं अडवलं. ढकललं तर सगळंच गेलं.

मग तिनं बाजूला पाहिलं, गाडी कोणाच्या दारात उभी आहे ते. आणि तिच्या तोंडावर हळूहळू जे हसू आलं, ते देवरावानं लग्नानंतर दोनदाच पाहिलं होतं. दोन्ही वेळा त्याचं नुकसान झालं होतं.

ती उतरली. दारात गुणवंतराव आपली पांढरी जोडी घेऊन निघायच्या बेतात होता. हातात नवाकोरा सुती कासरा, लाल रंगवलेला, बोटाएवढा जाड.

"भाऊजी," ती मोठ्यानं म्हणाली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, "लाख्या जेवाले आला."

"काय?"

"काल आवतन दिलतं तुम्ही. हात जोडून दिलतं. तो आपल्या पायानं तुमच्या दारी आला अन् थांबला. पोळ्याच्या दिवशी दारात थांबलेल्या बैलाले उपाशी पाठवता का आता?"

गुणवंतरावानं इकडेतिकडे पाहिलं. सगळी गल्ली बघत होती. त्याची बायको ताटात पुरणपोळी घेऊन दारात आलीच होती. ती नवऱ्याला म्हणाली, "द्या ना काय मागते ते. पोळा हाये." आणि तिनं पोळी बॉनेटवर ठेवून वर तुपाची धार सोडली. संघदीपनं ते तूप खाली जायच्या आत हातानं पुसलं.

"काय खाते तो?" गुणवंतरावानं विचारलं.

"एक ओंजळ चुलीतली राख. अन् तुमच्या हातातला कासरा."

त्यानं हातातल्या कासऱ्याकडे पाहिलं. हा कासरा दिला नाही तर मारुतीच्या अंगाची जागा त्याचीच होती. नुसतं नाही म्हणायचं होतं. पण मग काल हात जोडून कोणाला जेवायला बोलावलं, हे गावाला सांगावं लागलं असतं. त्याची सुजलेली भिवई खाली-वर झाली. मग त्यानं खिशातून चाकू काढला, कासरा मधोमध कापला आणि अर्धा विमलताईच्या हातात दिला.

"घ्या," तो म्हणाला. "बैलाचा हाये, बैलाले गेला."

मग जी धावपळ उडाली ती गावानं आधी कधी पाहिली नव्हती. गुणवंतरावाच्या बायकोनं राख आणली. विमलताई बॉनेटमध्ये अर्धी आत शिरली आणि लोटे घासावे तशी तिनं पट्ट्याची चाकं राखेनं घासली, तुपाचा थेंब उरला नाही. संघदीप कासऱ्याला गाठ मारायला लागला, तर बापूजी ओरडले, "गाठ नको. गाठ चाकात अडकते. आण इकडं." त्यांनी कासऱ्याच्या दोन्ही टोकांचे पीळ उकलले आणि एकात एक गुंफून पुन्हा पिळले. हात थरथरत नव्हते. आयुष्यभर वेसणी आणि कासरे वळलेली बोटं होती ती, त्यांना डोळे लागत नव्हते. कासऱ्याचं गोल कडं झालं. संघदीपनं ते चाकांवर चढवून ताणून बसवलं. रेडिएटरमध्ये गुणवंतरावाच्या घरची घागर रिकामी झाली.

"झालंच समजा," संघदीप म्हणाला, आणि या वेळी त्याचा स्वत:वर विश्वास नव्हता.

विमलताईनं चावी फिरवली. कासरा फिरला. पंखा फिरला. लाख्या किंचाळला नाही. पोट भरल्यावर बैल सुस्कारा सोडतो तसा एक धूर सोडून त्यानं चढ घेतला, घुंगरमाळ वाजत होती, गल्ली मागून पळत होती. आखरावर सगळ्या जोड्या उभ्या होत्या, मारुतीच्या अंगाला तेवढी जागा मोकळी होती. विमलताईनं लाख्या त्या जागेत असा अलगद घातला, की शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या गवळाऊ बैलाची शेपटीसुद्धा हलली नाही. त्या पांढऱ्या बैलानं लाख्याचा आरसा हुंगला आणि चाटला.

ढोल थांबले. आता झडत्या म्हणायची वेळ, म्हणजे बैलांची वाहवा करणारी गाणी. अर्ध्या कासऱ्यावर जोडी आवरत गुणवंतराव पुढे आला. गाव वाट बघत होतं. त्यानं हात वर केला आणि नव्यानंच जुळवलेली झडती टाकली:

"शिंग नाई, शेपूट नाई, पेते डिझल-पाणी,
माहा कासरा खाऊन गेला, वहिनी त्याची धनी,
तरी बैल म्हणतो याले, ऐकून घ्या रे कोणी."

महादेवाचा गजर झाला. तोरण तुटेपर्यंत लाख्या धडधडत उभा होता. कासऱ्यातून बारीक धूर निघत होता, पण तो तुटला नाही. बापूजी खिडकीतून हात बाहेर काढून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, की लाख्याच्या खांद्याला आता बैलाचा कासरा आहे, आता हा कापसाचा डोंगर ओढेल. मग तोरण तुटलं, बैल उधळले, आणि त्या गोंधळात सीटखालून चिवचिव आली. कोंबडीच्या पिल्लांनी बाहेर यायला नेमकी तीच वेळ धरली होती. विमलताई वाकून बघायला गेली आणि हॉर्नवर तिचं कोपर पडलं. त्या आवाजानं उधळलेले बैल परत जागेवर येऊन उभे राहिले, असं बापूजी सांगतात.

दुसऱ्या दिवशी संघदीप उमरखेडहून रबराचा नवा पट्टा घेऊन आला. बॉनेट उघडलं तर बापूजी आडवे आले.

"कायले बदलतो? चालून राह्यला ना?"

"बापूजी, दोरी हाये ती. तुटीन."

"आमच्या घरी बैलाची दोरी पोळ्यालेच बदलते," बापूजी म्हणाले. "पुढच्या साली ये."

संघदीपनं विमलताईकडे पाहिलं. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, पदर खोचून. हौद्यात मुगाची पोती होती, मांडीवर चार पिल्लं. तिनं चावी फिरवली.

"पट्टा सीटखाली टाकून दे," ती म्हणाली. "कोंबडीले बसाले होईन."